परक्या शहराचे मीठ

आपल्या धर्मनिबंधकारांनी कलिवर्ज्यांची जी यादी केली, तीत समुद्रयात्रेचे एक कलम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एका कलमापायी किती घरे दुभंगली आणि किती पंक्ती मोडल्या, याच्या हकीकती आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांची सविस्तर छाननी केली आहे. ती येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा मुंबईतील त्यांच्या जातीने त्यांना वाळीत टाकले, आणि १८९१ साली ते परतल्यावर वडीलबंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन गोदावरीचे स्नान घडविले, राजकोटास जातभोजन घातले. तेवढ्याने जातीतील एका तटाचे समाधान झाले, दुसऱ्याचे झालेच नाही.

या साऱ्या वादात सनातनी काय आणि सुधारक काय, दोघेही एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. परकी भूमी आपल्या माणसाचे काय करील? एक म्हणे, ती त्याला बाटवील. दुसरा म्हणे, ती त्याला शहाणा करील. उलट बाजूने कोणी पाहिले नाही. आपला माणूस त्या भूमीचा कोण लागतो? तिचे त्याच्याकडे काही देणे निघते काय? प्रायश्चित्ते गेली, पंचगव्य गेले, समुद्रयात्रेचे तर नावही उरले नाही. विमान एका रात्रीत पोहोचविते. पण हा दुसरा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला, तो आजही तसाच पडून आहे, आणि आता तो थोड्या घरांचा राहिलेला नाही.

आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात मात्र या प्रश्नाची चाहूल लागते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत याविषयी भाषण केले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असा निर्धार बोलून दाखविला. हा पहिल्या प्रश्नाला दिलेला जबाब होता, आणि तो आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु न्यू जर्सीतील रोझेल गावी ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, त्यांना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या, आणि त्यांच्या अस्थी पुढे न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या. परक्या बाईला ‘मावशी’ म्हणणे म्हणजे नुसता सभ्यपणा नव्हे. मावशीच्या घरी भाचीला हक्क असतो, तसे भाचीवर काही देणेही असते. त्या एका शब्दात आनंदीबाईंनी दुसऱ्या प्रश्नाला स्पर्श केला होता.

अमेरिका आणि इंग्लंड यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे उदाहरण घेतो ते जर्मनीचे, आणि त्यातही बर्लिनचे. कारण देण्याघेण्याचा प्रश्न तेथे अगदी उघडा पडतो. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतील उच्च शिक्षणसंस्थांत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते; परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट त्यांचाच. यांतील पुष्कळजण कर्ज काढून गेलेले असतात. ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात वर्षाच्या खर्चाचे पैसे आगाऊ ठेवल्यावाचून सहसा व्हिसा मिळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. रुपयांत ती दहा लाखांच्या वर जाते. मुलगा निघतो तेव्हा आई गोडा मसाला, मेतकूट, सोलां आणि देव्हाऱ्यातील एक लहानशी पितळी मूर्ती सामानात घालते. वडील सांगतात, तिथले कायदे कडक असतात, सांभाळून राहा. तिथल्या लोकांचे आपण काही लागू, असे कोणी सांगत नाही.

तो तेथे कोण असतो? पाहुणा म्हणावे, तर आपल्या स्मृतिकारांची अतिथीची व्याख्या फार काटेकोर आहे: एक रात्र राहतो तो अतिथी. दोन वर्षे राहणारा, त्या गल्लीतल्या दुकानदाराला ओळखणारा, कचऱ्याच्या डब्याची किल्ली बाळगणारा माणूस अतिथी कसा? नागरिक म्हणावे तर तोही तो नाही. मताचा अधिकार नाही, आणि पुष्कळदा राहण्याचा बेतही नाही. मग उरतो भाडेकरू. विद्यार्थ्याला स्वतःला हे नाव बरे वाटते. मी खोलीचे भाडे भरतो, विम्याचा हप्ता भरतो, कायदा पाळतो. यापलीकडे माझे कोणाला काही लागत नाही, असा त्याचा हिशेब असतो.

हा हिशेब बर्लिनमध्ये जुळत नाही. तेथील सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी व तिला जोडून येणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासासाठी शिक्षणशुल्क नाही. प्रत्येक सत्राला काही शे युरोंची वर्गणी तेवढी भरावी लागते, आणि तीतही प्रवासाचा पास येतो. (खासगी विद्यापीठांची गोष्ट निराळी, तेथे भरपूर शुल्क घेतात, आणि आपली मुले तेथेही पुष्कळ जातात.) म्हणजे प्राध्यापकाचा पगार, प्रयोगशाळेतील यंत्रे, ग्रंथालयातील रात्रीचे दिवे हे सारे तेथील करदात्यांच्या पैशांतून चालते. पहाटे भट्टी लावणारा पाववाला, ट्राम हाकणारी बाई, रुग्णालयातील झाडूवाला, यांनी न पाहिलेल्या एका गोमंतकीय मुलाच्या शिक्षणाला हातभार लावलेला असतो. मुलगाही दुकानात खरेदी करताना कर देतोच, हे खरे. पण त्यातून प्रयोगशाळा उभी राहत नाही.

यावर एक उत्तर तयार असते. जर्मनी हे काही दानधर्म म्हणून करीत नाही, तिला तरुण हात हवे आहेत, त्यांची लोकसंख्या म्हातारी होत चालली आहे. अगदी खरे. परंतु यजमानाचा हेतू काहीही असला तरी खाल्लेले अन्न खाल्लेलेच राहते. अन्नछत्र घालणारा स्वतःच्या पुण्यासाठी घालतो, म्हणून जेवणाऱ्याचे पोट भरत नाही काय? आपल्या भाषेत याला साधा शब्द आहे: खाल्ल्या मिठाला जागणे. विद्यार्थ्याने परक्या शहराचे मीठ खाल्ले आहे. त्याला जागावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो वाटतो तेवढा सोपा नाही.

आपल्या देवस्थानांच्या व्यवस्थेत महाजन असतो, कुळावी असतो, आणि यांपैकी काहीच नसलेला पण देवळात उतरलेला भाविक असतो. त्याला कारभारात बोलण्याचा अधिकार नसतो. तरी तो चपला बाहेर काढतो, आवारात थुंकत नाही, पालखी आली की उठून उभा राहतो, आणि अग्रशाळेतील खोली सोडताना ती झाडून देतो. हे सारे तो अग्रशाळेचे भाडे दिले आहे म्हणून करीत नाही, किंवा आपण महाजन होणार आहोत म्हणूनही नाही. तो तेथे आहे, एवढेच कारण पुरेसे असते. गोव्यात बाहेरच्याला ‘भायलो’ म्हणतात. त्या शब्दात थोडी अढी आहे, हे कबूल केले पाहिजे. पण भायल्यालाही धर्म असतो.

आता एक कठीण प्रसंग पाहू. बर्लिनमध्ये विद्यार्थ्याला सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे खोली. घरात राहावयास गेल्यापासून चौदा दिवसांत नगरकचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा असा तेथील कायदा आहे. या नोंदणीला ‘अनमेल्डुंग’ म्हणतात. तिला घर देणाऱ्याचा लेखी दाखला लागतो. नोंदणीवाचून करक्रमांक येत नाही, राहण्याच्या परवान्याचे काम अडते, एकेक दार बंद होत जाते. आणि पुष्कळ खोल्या अशा असतात की मूळ भाडेकरू मालकाला न विचारता त्या पोटभाड्याने देतो व बजावतो: राहा, पण नोंदणी करू नकोस. मग कोणी जाणता मित्र तोडगा सांगतो. अमक्याला थोडे पैसे दे, तो आपल्या पत्त्यावर तुझे नाव लावील. राहा तू आपला दुसरीकडे. अशा खोट्या दाखल्याबद्दल तो देणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, पण दंडाची भीती हा येथे आपला विषय नव्हे. शहराशी आपले पहिलेच बोलणे, आणि तेच खोटे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मुलगा म्हणेल, हा आपद्धर्म आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यातील विश्वामित्राची कथा आपण कीर्तनातून ऐकली आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला, ऋषी भुकेने मरणाच्या दारी, आणि चांडाळाच्या झोपडीतील कुत्र्याची तंगडी चोरण्यापर्यंत पाळी आलेली. गंमत अशी की त्या कथेत धर्म सांगतो तो चांडाळ, आणि धर्म वाकवितो तो ऋषी. या कथेचा आधार घेणारे तीतील एक बारकावा सोडून देतात. पकडला गेल्यावर विश्वामित्राने आपण कोण हे लपविले नाही. आपण जे करीत आहोत ते चोरीच आहे हेही त्याने नाकारले नाही. प्राण वाचला तर पुढे धर्म आचरता येईल, एवढेच त्याचे म्हणणे. आपद्धर्माला ‘आपत्’ हवी, आणि कृत्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची तयारी हवी.

बर्लिनच्या मुलापुढे प्राणसंकट नाही. पण त्याची अडचण किरकोळ आहे असेही मी म्हणणार नाही. गावाकडे घराचे कागद बँकेत तारण पडलेले आहेत, दोन सत्रे वाया गेली तर वडिलांची झोप जाणार आहे. अशा मुलाला मी वाईट म्हणत नाही. मात्र तासभर लांबच्या उपनगरातील खोली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची लांबलचक यादी, बर्लिन सोडून एखाद्या लहान शहरातील विद्यापीठ, यांपैकी एकही दार उघडे असेल तोवर आपद्धर्म हे नाव मी त्याच्या कृतीला देणार नाही. सोय आणि आपत्ती यांत अंतर आहे. शिवाय त्या खोट्या दाखल्याची किंमत तो एकटाच देत नाही. पैसे देऊन पत्ता मिळतो हे एकदा रूढ झाले की मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो पैसे देऊनच घ्यावा लागतो, आणि मागून येणारा पुष्कळदा आपलाच, बेळगावचा किंवा इंदूरचा मुलगा असतो.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेला अडसर नाहीत. फलाटावर कोणीही जावे, गाडीत कोणीही बसावे. अधूनमधून साध्या वेषातला तपासनीस येतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड घेतो. विद्यार्थ्याला पास मिळतो, पण नाव दाखल होईपर्यंतचे पहिले काही दिवस तो मोकळा असतो. परमेश्वर अंतर्यामी आहे असे आपण रोज म्हणतो. त्या म्हणण्याचा कस अशा अडसर नसलेल्या फलाटावर लागतो. याहून अधिक त्यावर लिहिण्याची गरज नाही.

आचाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे आपला धर्म आणि शेजाऱ्याची झोप समोरासमोर येतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता राखावयाची, रविवार तर दिवसभर. त्या दिवशी दुकाने बंद, भिंतीत खिळा ठोकावयाचा नाही, रिकाम्या बाटल्याही काचेच्या डब्यात टाकावयाच्या नाहीत. आपल्या मुलाने पहाटे पाचला घंटा वाजवून पूजा केली तर पातळ भिंतीपलीकडची म्हातारी जागी होते. येथे काहीजण ताठ होतात: आम्ही काय आमचा देव सोडावा? काहीजण उलट इतके वाकतात की देव पेटीतून बाहेरच काढीत नाहीत. मला दोन्ही टोके आळसाची वाटतात. मानसपूजा ही आपल्या परंपरेतच सांगितलेली गोष्ट आहे. घंटा सात वाजता वाजली म्हणून देवाचे काही अडत नाही. स्मृतींनी देशाचारालाही मान दिला आहे. गावोगाव पांगलेल्या मराठी माणसाला हे नव्याने शिकवावयाला नको. तंजावरात आपली माणसे शतकानुशतके घरात मराठी आणि बाजारात तमिळ बोलत आली. त्यांचे काही हरवले असेल, तरी सारे हरवले नाही.

या बाबतीत जर्मनीतच घडलेली एक गोष्ट देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेस्टफालियातील हाम या शहरी श्रीलंकेतून आश्रयास आलेल्या तमिळ हिंदूंनी १९८९ च्या सुमारास एका घराच्या तळघरात कामाक्षीदेवीची स्थापना केली. पुढे देवीची रथयात्रा वस्तीतून निघू लागली, दूरदूरचे भाविक जमू लागले, आणि गर्दीने व वाहनांनी शेजारी हैराण झाले. तक्रारी आल्या. या ठिकाणी भांडण जुंपणे सोपे होते. एका बाजूने धर्मस्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूने ‘परत जा’. तसे न होता नगरपालिकेच्या मदतीने शोधाशोध होऊन शहराबाहेरील उएन्ट्रोप या औद्योगिक भागात जागा निश्चित झाली. तेथे गोपुरासह मंदिर उभे राहून २००२ साली प्रतिष्ठा झाली. जवळून कालवा वाहतो. देवीच्या तीर्थस्नानाला तो चालतो. आज रथोत्सवाला हजारो माणसे येतात, त्यांत जर्मनही असतात. कालव्याला तीर्थ मानणे ज्यांना खटकेल त्यांनी आपल्याच देवांचा इतिहास आठवावा. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते जुवारी ओलांडून प्रियोळ, कवळे व म्हार्दोळ येथे आली तेव्हा त्यांनाही दुसऱ्यांच्या गावात जागा मागावी लागली होती, आणि कोणीतरी ती दिली होती.

एवढ्यापर्यंत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे खरे बोलणे, फुकट न बसणे, शेजाऱ्याला न जाचणे. यजमानाला रुचेल असेच हे सारे आहे. पण यजमानाला न रुचणारेही काही देणे असते काय? येथे मला इरावती कर्वे यांची आठवण होते. ‘युगान्त’मुळे त्या आपल्या घरोघर पोहोचल्या, पण त्यांचे नावच मुळी ब्रह्मदेशातील नदीवरून पडलेले, आणि त्या विद्यार्थिनी म्हणून राहिल्या ते बर्लिनमध्ये. १९२८ च्या नोव्हेंबरात त्या तेथे गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या त्या पुरुषाचा हा विरोध आज आपल्याला चकित करतो. डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर खर्चाची सोय झाली.

त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या ती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था डालेम या उपनगरात होती, आणि तिचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसते. ही विषमता गोऱ्या युरोपीयांत अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी ती तपासून पाहावी, असे ठरले. त्यांनी कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनांच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या माणसांच्या कवट्याही होत्या. मोजमापातून वंशावंशांत तसा काही भेद निघेना. त्यांनी आपल्या प्रबंधात तसेच लिहिले, आणि १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे काही वर्षांतच त्या संस्थेचे शास्त्र नाझी राजवटीच्या सेवेला लागले. त्याचा शेवट काय झाला ते जगाला ठाऊक आहे.

वयाच्या पंचविशीतली, कर्जाने आलेली, परकी भाषा बोलणारी एक हिंदू स्त्री. संचालकांच्या मनाजोगता निष्कर्ष काढला असता तर कोणी तिला दोष दिला नसता. उलट ‘गुरूच्या मिठाला जागली’ असेच आपल्याकडे म्हटले असते. मीठ आणि सत्य यांची अशी गाठ पडली म्हणजे काय करावयाचे, याचे एक उत्तर आपल्याकडे भीष्माने देऊन ठेवलेले आहे. कौरवांच्या अर्थाने, म्हणजे धनाने, आपण बांधले गेलो आहोत, असे त्याने युधिष्ठिराला सांगितले, आणि ज्यांचा पक्ष अन्यायाचा आहे हे तो जाणत होता त्यांच्याच बाजूने तो लढला. ‘युगान्त’मध्ये इरावतीबाईंनी भीष्माची जी झाडाझडती घेतली आहे ती वाचताना मला नेहमी डालेममधील त्या खोलीची आठवण होते. त्यांनी स्वतः तो संबंध जोडलेला नाही, हा माझाच विचार आहे. पण मला तो खरा वाटतो. ज्या शहराचे मीठ खाल्ले त्याला त्याच्या तोंडावर ‘हे असे नाही’ म्हणून सांगणे, हेही त्या मिठाचेच देणे होते, आणि बर्लिनला त्या काळी दुसऱ्या कशाहीपेक्षा त्याचीच गरज होती.

इनेश्ट्रासे क्रमांक २२ ही ती इमारत आजही उभी आहे. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आता तिचा वापर करतो, आणि तेथे काय घडले ते सांगणारी पाटी १९८८ पासून भिंतीवर आहे. २०१४ साली जवळच बांधकाम चालू असता जमिनीत मानवी हाडे सापडली. पुढच्या उत्खननांत हजारो तुकडे निघाले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचे दफन झाले. बर्लिनच्या पदपथांवर अनेक घरांच्या दारासमोर लहान पितळी चौकोन बसविलेले आहेत. त्या घरातून कोणाला ओढून नेले, त्याचा जन्म केव्हा, मृत्यू कोठे, हे त्यांवर कोरलेले असते. आपल्या विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीच्या उंबरठ्याबाहेरही असा एखादा चौकोन असू शकतो. त्या पापात त्याचा वाटा नाही. तरी रोज त्याच्यावरून जाताना एकदा थांबून ते नाव वाचावे, एवढे त्या घरात राहणाऱ्याने करावे असे मला वाटते. ज्यांच्या आजोबांच्या गावातून देवांनाच पळावे लागले त्यांना हे समजणे जड जाऊ नये.

शहराने अन्याय केला तर? नाव परके दिसते म्हणून खोली नाकारली, रस्त्यात कोणी अपशब्द बोलले, असे तेथे घडते. तेव्हा देणे संपते काय? मला वाटते, एका घरमालकाचा अपराध साऱ्या शहराच्या खात्यावर मांडता येत नाही. आपण तसा हिशेब आपल्या गावाबाबत कोणाला करू देत नाही. पण हा विषय निघाला की मन बर्लिनहून आपल्या दाराशी येऊन थांबते.

माणूस जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे आपण म्हणतो. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, मनुष्यऋण. आणि ते माणसाला आश्रय व अन्न देऊन फिटते असे तेथे म्हटले आहे. परक्या शहराचे जे देणे विद्यार्थ्याकडे निघते ते बहुधा याच जातीचे असावे. पाववाल्याचे आणि ट्रामवालीचे ऋण त्यांनाच परत करता येण्याजोगे नसते. ते फेडावयाचे तर आपल्या गावी आलेल्या दुसऱ्या कोणा परक्याला खोली देऊनच. म्हणून परदेशी मुलगा पाठविलेल्या घराने स्वतःला विचारावे: आपल्या वरच्या मजल्यावरची रिकामी खोली मागावयास मणिपूरची मुलगी आली, आफ्रिकेतील मुलगा आला, किंवा आपल्याच राज्यातील पण आडनाव विचारल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही असा कोणी आला, तर आपण काय म्हणतो? बर्लिनमध्ये आपल्या मुलाला मिळाला तसाच नकार आपण किती गोड शब्दांत देतो?

वडोदऱ्याच्या वाचकांना यापुढची हकीकत माहीत असेल. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यू यॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. एक पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. अमेरिकेत आणि युरोपात काढलेल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ते परतले ते ऋण फेडण्यासाठी; शिष्यवृत्तीच्या करारान्वये त्यांना संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची होती. १९१७ च्या सप्टेंबरात ते वडोदऱ्यास उतरले, तेव्हा हिंदूंच्या खाणावळींत त्यांना जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली. एका हिंदू स्नेह्याकडे विचारणा केली, तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्या मित्राच्या घरीही बायकोची अडचण निघाली.

लंडनमधील ज्या घरात ते १९२१-२२ साली राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन जतन केले आहे. वडोदऱ्यात त्यांना त्या दिवशी घर मिळाले नाही, म्हणून तेथील स्मारक बागेत आहे. कमाटी बागेतील त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. मुंबईची गाडी रात्री नऊला सुटे. तिला पाच तास अवकाश होता, आणि ते पाच तास काढण्यासाठी शहरात दुसरी जागा नव्हती.